बाळ एक पाय हलवत नाहीये? हाडात आणि सांध्यात शिरणाऱ्या बुरशीबद्दल

बुरशी म्हटलं की आपल्याला शिळा पाव आठवतो, फार तर पावसाळ्यातलं गजकर्ण. ती बाळाच्या हाडात किंवा सांध्यात पोहोचू शकते, हे सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. आजार दुर्मिळच आहे. पण ज्यांचं बाळ एनआयसीयूत राहून घरी आलंय, त्यांना तो माहीत असायला हवा.

यात मुख्य आरोपी कँडिडा. बाळाच्या जिभेवर पांढरा थर येतो तो याच बुरशीचा, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. प्रश्न उभा राहतो तो कँडिडा रक्तात शिरल्यावर. दिवस भरण्याआधी जन्म, खूप कमी वजन, मोठ्या शिरेत घातलेली नळी, शिरेतून दिलं जाणारं पोषण आणि बरेच दिवस चाललेली अँटिबायोटिक्स, यांमुळे हा धोका वाढतो.

रक्तातून सांध्यात कशी जाते?

हाडाच्या टोकाजवळ, जिथून हाड वाढतं तिथे, रक्त संथ वाहतं आणि जंतू तिथेच अडकतात. मोठ्या मुलांमध्ये वाढीची कूर्चा, म्हणजे ग्रोथ प्लेट, त्यांना बऱ्याच अंशी अडवते. साधारण दीड वर्षाच्या आतल्या बाळांमध्ये मात्र तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या आरपार गेलेल्या असतात. त्यामुळे हाडातलं इन्फेक्शन सांध्यात सहज उतरतं, विशेषतः खुब्यात आणि गुडघ्यात.

ओळखायचं कसं?

इथेच फसगत होते, कारण ताप असेलच असं नाही. डायपर बदलताना बाळ कळवळून रडतं, एक पाय हलवत नाही, गुडघा किंवा मांडी सुजलेली दिसते. घरात कुणीतरी म्हणतं, "मालिश करताना लचक भरली असेल." मग पाय चोळणं सुरू होतं. ते करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्तातल्या कँडिडावर उपचार झाल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही सांधा सुजू शकतो. म्हणून एनआयसीयूची डिस्चार्ज फाईल सोबत न्या आणि विचारलं नाही तरी दाखवा.

सुरुवातीचा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. सोनोग्राफी आणि एमआरआयमधून जास्त कळतं, पण खात्री होते ती सांध्यातलं पाणी सुईने काढून त्याचं कल्चर केल्यावर. बुरशी नेमकी कोणत्या जातीची, हेही बघावं लागतं. २००९ साली जपानमधून पहिल्यांदा नोंदवली गेलेली कँडिडा ऑरिस आता भारतातही आढळते आणि तिच्यावर फ्लुकोनाझोल बहुतेक वेळा चालत नाही.

उपचार लांबतात

जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स इथे निरुपयोगी. अँफोटेरिसिन बी, फ्लुकोनाझोल यांसारखी बुरशीविरोधी औषधं लागतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सांध्यासाठी सुमारे ६ आठवडे, हाडासाठी ६ ते १२ महिने. खुब्यात पू साचला असेल तर तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. सूज उतरली म्हणून औषध आपल्या मनाने थांबवू नका.

मोठ्या मुलांची गोष्ट जरा वेगळी. रोगप्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष असेल तर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी फुप्फुसातून बरगड्यांपर्यंत आणि मणक्यापर्यंत जाते. अनवाणी पायात काटा रुतून होणारा 'मदुरा फूट' हाही पायाची हाडं पोखरतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधले डॉ. हेन्री व्हँडाईक कार्टर यांनी त्यावर लिहिलेलं पुस्तक १८७४ सालचं आहे.

इन्फेक्शन गेलं तरी तपासणी संपत नाही. ग्रोथ प्लेटला इजा झाली असेल तर ती लगेच दिसत नाही. मूल चालायला लागल्यावर एक पाय आखूड असल्याचं किंवा खुबा नीट बसलेला नसल्याचं लक्षात येतं. त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांकडच्या फेऱ्या पुढची काही वर्षं चालू ठेवाव्या लागतात.