जांभळ्या शाईतला पत्रव्यवहार

शाळेच्या प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइलवर काढण्याचा अनुभव आपल्यापैकी ज्येष्ठ शिक्षकांना नक्कीच असेल. मेणाचा स्टेन्सिल, काळी शाई आणि दिवसभर न निघणारे बोटांवरचे डाग. अमेरिकेतल्या शाळांत याच कामासाठी आणखी एक यंत्र वापरले जाई, ते म्हणजे स्पिरिट ड्युप्लिकेटर. त्यात मूळ प्रतीच्या पाठीमागे रंगद्रव्ययुक्त मेणाचा थर उलट्या अक्षरांत उमटवलेला असे. कोऱ्या कागदावर अल्कोहोलचा पातळ ओलावा फिरे, तो त्या थरातले थोडेसे रंगद्रव्य विरघळवून घेई आणि अक्षर उमटे. प्रत्येक प्रतीगणिक मूळचा थर झिजत असल्याने दीडदोनशे प्रतींनंतर अक्षरे फिकट होत आणि पुढे काढण्यात अर्थ राहत नसे. रंग बहुधा जांभळा असे, कारण तो सर्वांत दाट उतरे. प्रकाशात ठेवल्यास तो उडूनही जाई.

मार्च १९६१ मध्ये अशाच यंत्रावर एक छोटे नियतकालिक निघाले. नाव 'ऑल्टर इगो'. काढणारे होते डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात नैसर्गिक विज्ञान शिकवणारे जेरी बेल्स, वय अवघे २७. विषय मात्र विज्ञानाचा नव्हता. विषय होता सुपरहीरोंच्या चित्रकथा, म्हणजे ज्या कॉमिक्सवर अमेरिकेतल्या शिक्षकवर्गाची त्या काळी सर्वांत मोठी वक्रदृष्टी होती, त्याच.

ती वक्रदृष्टी किती तीव्र होती हे आधी पाहू. १९४८ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील स्पेन्सर आणि न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन या गावांत शाळकरी मुलांनी कॉमिक्सच्या होळ्या केल्या आणि मोठ्यांनी त्याला उत्तेजन दिले. नाझींच्या ग्रंथदहनाला तेव्हा जेमतेम १५ वर्षे झाली होती. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, हा त्याचा निष्कर्ष. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. कित्येक मासिके बंद पडली.

वर्थम हे दुष्ट गृहस्थ मुळीच नव्हते. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, जिथे कृष्णवर्णीयांना मानसोपचार मिळणे दुरापास्त होते, तिथे त्यांनी १९४६ मध्ये अल्पदरात चालणारे उपचार केंद्र सुरू केले होते. वर्णभेदाने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याविषयीची त्यांची साक्ष शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धच्या खटल्यात उपयोगी पडली होती. म्हणूनच पुढची गोष्ट अधिक बोचते. त्यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवणाऱ्या कॅरल टिली यांनी ती तपासली आणि २०१२ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. पुस्तकातले मुलांचे जबाब आणि मूळ टिपणे यांत मेळ नव्हता. कुठे अनेक मुलांची वाक्ये एकाच्या तोंडी घातली होती, कुठे मुलाच्या घरातील हलाखीचा किंवा मारहाणीचा उल्लेख गाळून दोष केवळ कॉमिक्सच्या माथी मारला होता. आम्हा संशोधकांच्या धंद्यात याला एकच नाव आहे, मग हेतू कितीही उदात्त असो. टिली यांना दुसऱ्या एका दप्तरात आणखी एक गोष्ट सापडली: सिनेटच्या उपसमितीला मुलांनी स्वतः लिहिलेली पत्रे. आपण जे वाचतो ते काय आहे, हे मुले आपल्या परीने समजावून सांगत होती. ती पत्रे त्या वेळी कोणी फारशी मनावर घेतली नाहीत.

मुलांची पत्रे मनावर घेणारे एक ठिकाण मात्र होते आणि ते कॉमिक्सच्याच जगात होते. त्याचा उगम शोधायला थोडे मागे जावे लागते. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले आणि लवकरच त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापायला सुरुवात केली. परिणाम असा झाला की वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रे लिहू लागले! त्यांतूनच हाताने छापलेली वाचकांची नियतकालिके निघाली. १९३२ मध्ये ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वायझिंगर या न्यूयॉर्कच्या तरुणांनी 'टाइम ट्रॅव्हलर' काढले. त्याच वर्षी क्लीव्हलंडच्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधील जेरी सीगल या विद्यार्थ्याने 'सायन्स फिक्शन' नावाचे असेच एक पत्रक काढले. त्याच्या जानेवारी १९३३ च्या अंकात सीगलने लिहिलेली आणि त्याचा शाळासोबती जो शुस्टर याच्या चित्रांची एक कथा आली. तिच्यातल्या टकल्या खलनायकाचे नाव होते 'सुपरमॅन'. खलनायकाचा नायक झाला, त्याला केस आले, आणि जून १९३८ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात तो जगापुढे आला. त्याचे सर्व हक्क या दोघांनी १३० डॉलरला विकले होते. त्या व्यवहाराचे पुढे जे झाले त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

थोडक्यात, सुपरहीरो चाहत्यांच्या आधी जन्मलेला नाही. चाहतेच आधीचे.

आता बेल्स यांच्याकडे वळू. लहानपणी त्यांचे आवडते मासिक होते 'ऑल-स्टार कॉमिक्स'. त्याच्या १९४० सालच्या तिसऱ्या अंकात निरनिराळे नायक प्रथमच एका मंडळात एकत्र आले. १९५१ मध्ये ते मंडळ बंद पडले. जुने अंक मिळवावेत तर कुठून? ग्रंथालये कॉमिक्स ठेवत नसत. युद्धकाळातील रद्दी संकलनाच्या मोहिमांत लाखो अंक लगद्यात गेले होते. जे उरले त्यांचा कागदच त्यांचा वैरी. लाकडाच्या स्वस्त लगद्यातील लिग्निनचे हवेत आणि प्रकाशात ऑक्सिडीकरण होते, कागद पिवळा पडतो, तयार होणारी आम्ले सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात आणि घडी घातली तरी पानाचा तुकडा पडतो. बेल्स यांनी त्या कथांचे लेखक गार्डनर फॉक्स यांना पत्रे लिहिली आणि शेवटी त्यांच्याकडचे बांधीव अंकच विकत घेतले. १९६० मध्ये मिसूरीतल्या रॉय टॉमस या महाविद्यालयीन विद्यार्थ्यानेही तेच अंक मागितले, तेव्हा फॉक्स यांनी त्याला बेल्स यांचा पत्ता कळवला. दोघांची पत्रापत्री सुरू झाली. टॉमस पुढे शाळेत इंग्रजीचे शिक्षक झाले.

आणि याच वेळी 'टाइम ट्रॅव्हलर'चे श्वार्ट्झ सुपरमॅनच्या प्रकाशनसंस्थेत, डीसीमध्ये, संपादक होते. १९५६ मध्ये त्यांनी 'फ्लॅश' या विस्मृत नायकाला नव्या रूपात आणले. नवा फ्लॅश पोलिसांच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ होता. १९६१ च्या आरंभी बेल्स न्यूयॉर्कला त्यांना भेटले. मासिकाची कल्पना श्वार्ट्झ यांना पसंत पडली. गर्न्सबॅकची युक्ती त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती, म्हणून त्याच वर्षी त्यांनीही पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापायला सुरुवात केली. मग जे १९२०च्या दशकात घडले तेच पुन्हा घडले.

चाहत्यांना सर्वांत जास्त काय हवे होते? नवे काय येणार, केव्हा येणार, हे. आज हे चमत्कारिक वाटेल, पण त्या काळी अंक कोणत्या दिवशी, कोणत्या दुकानात मिळेल याचा भरवसा नसे. वितरक औषधांच्या दुकानांतून आणि वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांतून गठ्ठे टाकत. मुखपृष्ठावरची तारीख दोनतीन महिने पुढची असे, कारण ती अंक विक्रीला येण्याची नसून मांडणीवरून काढण्याची होती. क्रमशः कथेचा पहिला भाग मिळाला तरी दुसरा हुकण्याची शक्यता पुरेपूर. (आमच्याकडच्या वाचकांना हे दुःख परके नाही. १९६४ ते १९९० या काळात मुंबईहून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी वेताळ आमच्या पिढीच्या हाती आला तो थोरल्या भावंडांकडून, बहुधा शेवटची पाने गळालेल्या अवस्थेत.) बेल्स यांनी संपादकांना पत्रे लिहून आगामी अंकांची माहिती मागवली आणि 'ऑल्टर इगो'त ती सदररूपाने देऊ लागले. माहिती एवढी वाढली की १९६१ मध्येच त्या सदराचे स्वतंत्र पत्रक झाले. १९६२ मध्ये त्याचे नाव 'कॉमिक रीडर' पडले आणि हात बदलत बदलत ते १९८४ पर्यंत चालले.

आम्हांला यात विज्ञानाच्या इतिहासातले एक जुने प्रकरण दिसते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांच्याकडे युरोपभरातून पत्रे येत. कोणाला काय सापडले, कोणते पुस्तक छापखान्यात आहे, हे एकाचे दुसऱ्याला कळवून ते थकले असावेत. मार्च १६६५ मध्ये त्यांनी 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' काढले आणि विज्ञानाच्या नियतकालिकांची परंपरा सुरू झाली. बेल्स यांनी ओल्डेनबर्गचा आदर्श समोर ठेवला होता असे आम्ही म्हणत नाही. पण विखुरलेल्या, एकमेकांना न पाहिलेल्या माणसांना एकाच गोष्टीची ओढ असली की टपाल हीच त्यांची प्रयोगशाळा होते.

बेल्स यांची शिस्तही शास्त्रज्ञाचीच होती. जुन्या कॉमिक्समध्ये चित्रकाराचे नाव पुष्कळदा नसे. मग रेषांच्या शैलीवरून अंदाज बांधायचा, हयात चित्रकारांना प्रश्नावली पाठवायची, उत्तरे ताडून पाहायची आणि चूक निघाली तर पुढच्या अंकात कबूल करायची. १९७३ ते १९७६ या काळात त्यांनी हेम्स वेअर यांच्यासह अमेरिकी कॉमिक्सच्या कलावंतांची चार खंडांची नामसूची काढली. विद्यापीठांनी ज्या विषयाकडे ढुंकूनही पाहिले नव्हते, त्याचा पहिला संदर्भग्रंथ असा तयार झाला. बेल्स २००६ मध्ये वारले.

चाहत्यांच्या या काटेकोरपणाचा कथांवरही परिणाम झाला. जुना फ्लॅश आणि नवा फ्लॅश, दोघेही खरे कसे? नव्या फ्लॅशच्या पहिल्याच कथेत तो जुन्याचे कॉमिक वाचताना दाखवला होता! सप्टेंबर १९६१ च्या अंकात फॉक्स आणि श्वार्ट्झ यांनी तोडगा काढला: दोन समांतर पृथ्वी. परस्परविरोधी निरीक्षणे सांभाळण्यासाठी नवे गृहीतक मांडावे, तसाच हा प्रकार. पुंजयामिकीत ह्यू एव्हरेट यांचा प्रसिद्ध निबंध १९५७ चा. दोहोंत संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा.

नव्या अंकांचा प्रश्न शेवटी सोडवला तोही एका शिक्षकाने. ब्रुकलिनच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे फिल स्यूलिंग १९६८ पासून न्यूयॉर्कमध्ये चाहत्यांची संमेलने भरवत. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी प्रकाशकांपुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही अंक आगाऊ मागवू, न खपलेले परत करणार नाही, त्याबदल्यात सवलत जास्त द्या. यातून फक्त कॉमिक्सच विकणारी दुकाने उभी राहिली आणि आगाऊ नोंदणीसाठी आगामी अंकांच्या याद्या महिने-दोन महिने आधी छापल्या जाऊ लागल्या. या व्यवस्थेने चाहत्यांची सोय झाली. पण टपरीवर सहज अंक चाळणारे चुकार मूल हळूहळू ग्राहकांतून नाहीसे झाले, हेही नोंदवले पाहिजे.

वर्थम यांनी १९७३ मध्ये आणखी एक पुस्तक लिहिले, तेही चाहत्यांच्या या हस्तनिर्मित नियतकालिकांविषयी, आणि चक्क त्यांची वाखाणणी करणारे. चाहत्यांचा विश्वास बसला नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

त्याच वर्षी 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२१ व्या अंकात नायकाची प्रेयसी ग्वेन स्टेसी हिला खलनायक पुलाच्या मनोऱ्यावरून ढकलतो. स्पायडरमॅन जाळ्याचा धागा फेकून तिला मध्येच झेलतो, पण वर ओढून पाहतो तर ती मेलेली. चित्रात तिच्या मानेजवळ छोट्या अक्षरांत एक 'कट्' असा आवाज. पत्रांचा पाऊस पडला: पडण्याने मेली की झेलण्याने? १२५ व्या अंकातील पत्रांच्या पानावर खुलासा आला. तिचा प्राण धाग्याच्या अचानक हिसक्याने गेला. मार्व्हल या प्रकाशनसंस्थेचे मुख्य संपादक त्या वेळी होते रॉय टॉमस, पूर्वीचे इंग्रजीचे शिक्षक.

मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जेम्स काकालिओस यांनी २००१ मध्ये प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी कॉमिक्सच्या आधारे एक अभ्यासक्रम सुरू केला. ग्वेनचे उदाहरण त्यांच्या २००५ च्या पुस्तकातही आहे. गणित नववीच्या वर्गातही होते. हवेचा रोध सोडून देऊ. ती ९० मीटर पडली असे धरल्यास वेग सेकंदाला ४२ मीटर येतो. वस्तुमान ५० किलोग्रॅम, म्हणजे संवेग २१००. धाग्याने तिला अर्ध्या सेकंदात थांबवले तर सरासरी निव्वळ बल ४२०० न्यूटन, तिच्या वजनाच्या साडेआठपट. वजन पेलण्याचा भाग मिळवला तर धाग्यातला ताण साडेनऊपट होतो, आणि तोही मानेला आधार नसताना. धागा अधिक लवचीक असता आणि थांबायला २ सेकंद लागले असते, तर निव्वळ बल १०५० न्यूटनवर आले असते. मात्र थांबेपर्यंत ती आणखी ४२ मीटर खाली गेली असती. खाली तेवढी जागा होती का, हे चित्र पाहून मुलांनीच ठरवावे.