पुठ्ठ्याच्या तुकड्यांची नोंदवही

आमच्या जुन्या घरी न्हाणीत तांब्याचे मोठे भाण होते. त्याखाली चुडते, सोडणे आणि घरात नको झालेला कागद जळत असे. माझी क्रिकेटपटूंची कार्डे त्याच आगीत गेली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ती ठेवलेली होती. आईला डबा हवा होता, कार्डे नको होती. एवढाच तो विषय. शाळेतून आलो तेव्हा पाणी तापलेले होते आणि डब्यात रवा भरलेला होता.

१९८७ साली विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला तेव्हाची ती कार्डे. वाड्यावरच्या पसऱ्यावर बबलगम मिळे, त्यासोबत एका खेळाडूचे कार्ड. गावसकर, कपिल, श्रीकांत. गम दोन मिनिटांत बेचव होई, कार्ड मात्र महिनोन्महिने खिशात फिरे. दुहेरी आलेली कार्डे आम्ही अदलाबदल करत असू. एक कार्ड मात्र आमच्या वाड्यावर कुणालाच कधी मिळाले नाही. ते कंपनीने छापलेच नसावे, असा आमचा तेव्हा पक्का संशय होता. आज तो खरा की खोटा हे सांगता येणार नाही.

हे सगळे मी विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांविषयी वाचायला लागलो आणि जागोजागी आमचा वाडा भेटू लागला. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. दांडू, चेंडू आणि चार टप्प्यांची धाव. मी तो खेळ कधी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, पण त्याच्या कार्डांचा इतिहास वाचायला खेळ कळलाच पाहिजे असे नाही. का, ते पुढे येईलच.

सुरुवात जाहिरातीपासून झाली. न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या क्रीडासाहित्याच्या दुकानाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस बेसबॉल संघांची चित्रे असलेली जाहिरातपत्रे वाटली. त्यातले सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज या संघाचे १८६९चे पत्र पुष्कळजण पहिले बेसबॉल कार्ड मानतात. पण संग्रहाचा खरा नाद लावला तो तंबाखूने. त्या काळी सिगारेटची पाकिटे मऊ कागदाची असत, आतल्या सिगारेटी चेंगरत. म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालत. तो कोरा कशाला ठेवायचा, म्हणून त्यावर चित्र आले. नट्या, मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटू. रिचमंडच्या ॲलन अँड गिंटर कंपनीने १८८७ साली जगातल्या विजेत्यांची ५० कार्डांची माला काढली, तिच्यात १० बेसबॉलपटू होते. गुडविन कंपनीच्या ओल्ड जज सिगारेटमध्ये तर शेकडो खेळाडूंची खरी छायाचित्रे येत. ती स्टुडिओत काढलेली असत. तेव्हाच्या कॅमेऱ्याला हलता चेंडू टिपता येत नसे, म्हणून चेंडू दोऱ्याने टांगत आणि खेळाडू तो झेलल्याचा आव आणून स्तब्ध उभा राही. काही कार्डांवर तो दोरा अजून दिसतो.

सिगारेट बापाची आणि कार्ड पोराचे, अशी ती वाटणी होती. आपल्याकडेही मोठ्यांनी टाकलेली सिगारेटची पाकिटे आणि काड्यापेटीचे छाप गोळा करून पोरे खेळलीच की!

१८९० साली अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली आणि मोठे कारखाने तिच्या पोटात गेले. स्पर्धा संपली तशी कार्डेही ओसरली. पुढे १९०९ ते १९११ या काळात त्याच कंपनीने पांढऱ्या किनारीची एक प्रचंड माला काढली. पाचशेहून अधिक वेगवेगळी कार्डे तिच्यात आहेत. पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा होनस वॅग्नर हा त्या वेळचा फार मोठा खेळाडू. त्याचे कार्ड थोडेसे छापून थांबवले गेले. मुलांनी आपल्या चित्रासाठी तंबाखू घ्यावी हे त्याला मान्य नव्हते, असे एक कारण सांगतात. त्याला पैसे हवे होते, असेही सांगतात. तो स्वतः तंबाखू चघळत असे, हे मात्र खरे. कारण काहीही असो, आज त्या कार्डाच्या काही डझनच प्रती उरल्या आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यातली एक ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली.

तंबाखूनंतर गोळ्या-चॉकलेटे आली आणि मग गम. महामंदीच्या ऐन काळात, १९३३ साली, बोस्टनच्या गाउडी कंपनीने एका सेंटला एक गम आणि एक रंगीत कार्ड विकायला काढले. एकूण २४० कार्डे. एकट्या बेब रूथचीच त्यात चार. पण १०६ क्रमांकाचे कार्ड कुणालाच मिळेना. पोरे गमवर गम घेत राहिली. कंपनीने ते कार्ड त्या वर्षी बाजारात आणलेच नव्हते! काहींनी पत्रे लिहून तक्रार केली, तेव्हा १९३४ साली नॅप लाजवे या जुन्या खेळाडूचे कार्ड त्या क्रमांकावर छापून तक्रार करणाऱ्यांना टपालाने पाठवले. हे वाचले तेव्हा मी खुर्चीतून जवळजवळ उठलोच. म्हणजे आमचा संशय अगदीच पोरकट नव्हता तर! फरक इतकाच, की आम्ही पत्र लिहिले नाही.

महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई आली. कार्डे थांबली, आणि घराघरांतली जुनी कार्डे रद्दी म्हणून युद्धकार्याला दिली गेली. युद्धानंतर बोमन कंपनीची आणि मग ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीची कार्डे आली. टॉप्समधल्या साय बर्जर नावाच्या तरुण कर्मचाऱ्याने आपल्या घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर १९५२ची माला तयार केली. पुढे रंगीत चित्र, संघाचे चिन्ह, खेळाडूची सही. मागे जन्म, उंची, वजन आणि कारकिर्दीतले आकडे. आजच्या कार्डाचा साचा तेव्हाच ठरला. ४०७ कार्डांच्या या मालेतला शेवटचा भाग बाजारात उशिरा आला. हंगाम संपत आला होता, मुले फुटबॉलकडे वळली होती. माल पडून राहिला. बर्जर पुढे सांगत, की जत्रांमधून पेनीला दहा अशा भावानेही ती कार्डे जाईनात. शेवटी १९६०च्या सुमारास त्यांनी ती पडावात भरून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन अटलांटिक समुद्रात बुडवली. त्या भागातले पहिलेच कार्ड, क्रमांक ३११, न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटलचे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना गेली.

पोरांना त्या किमतीचे काय? ती आवडत्या संघाची कार्डे वेगळी काढून रबराने बांधत, भिंतीवर फेकून जिंकत-हरत, सायकलच्या आऱ्यांत चिमट्याने अडकवून फडफड आवाज काढत. १९५७चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिनचा डॉजर्स संघ लॉस एंजेलिसला निघून गेला. ब्रुकलिनच्या मुलांकडे आपल्या संघाचे जे उरले, ते या रबराने बांधलेल्या गठ्ठ्यात. पुढे ती मुले शिकायला, सैन्यात, नोकरीवर गेली आणि त्यांच्या आयांनी खोली आवरताना गठ्ठे टाकून दिले. अमेरिकेत ही घरोघरची कथा आहे. माझी आई एकटी नव्हती, हे कळून मला बरे वाटले.

गंमत अशी, की कार्डांची किंमत या आयांनीच वाढवली. जुनी कार्डे महाग झाली ती टाकून दिली गेली म्हणून. हे लोकांच्या ध्यानात आल्यावर १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सगळे सावध झाले. टॉप्सची मक्तेदारी मोडून १९८१ पासून फ्लीअर आणि डॉनरस कंपन्या उतरल्या होत्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. बापांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून पेटीच्या पेट्या घेऊन न फोडता ठेवल्या. कंपन्यांनीही अमाप छापले. कुणी काही टाकले नाही, कुणी सायकलला लावले नाही. परिणाम असा, की त्या वर्षांतल्या बहुतेक कार्डांना आज रद्दीचाच भाव आहे.

पण किमतीचा इतिहास वेगळा आणि वस्तूचा इतिहास वेगळा. हा दुसरा इतिहास ज्याने लिहिला, त्याच्यासाठीच खरे तर हा लेख लिहायला घेतला. त्याचे नाव जेफरसन बर्डिक. जन्म १९००. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज शहरात विजेच्या सामानाच्या कारखान्यात कामगार. अविवाहित, भाड्याच्या खोलीत राहणारा, संधिवाताने हातांची बोटे वाकलेली. याने सिगारेट, गोळ्या, गम यांतून आलेली आणि दुकानदारांनी वाटलेली कार्डे जमवली. विषय कोणताही चाले. बेसबॉल त्यातला एक. त्याने कधी व्यावसायिक बेसबॉलचा सामना पाहिला नाही, असे म्हणतात.

नुसते जमवले असते तर त्याची गणना शौकिनांत झाली असती. पण त्याने कार्डांची वर्गवारी लावली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना एन, विसाव्या शतकातल्यांना टी, जुन्या गोळ्यांच्या कार्डांना ई, नंतरच्या गम-गोळ्यांना आर, आणि पुढे प्रत्येक मालेला क्रमांक. १९३९ पासून त्याने ही यादी ग्रंथरूपाने छापली. वर सांगितलेली वॅग्नरची माला आज जगभर टी-२०६ म्हणून ओळखली जाते, तो क्रमांक बर्डिकने दिलेला. त्याच्या यादीत वॅग्नरच्या कार्डाचा भाव ५० डॉलर होता.

१९४७ पासून तो आपला संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊ लागला. तीन लाखांहून अधिक नग, त्यांत तीस हजारांवर बेसबॉलची कार्डे. एवढे लावणार कोण? तोच. निवृत्तीनंतर तो न्यूयॉर्कला राहायला गेला आणि दुखऱ्या हातांनी एकेक कार्ड वहीत चिकटवत बसला. १० जानेवारी १९६३ रोजी शेवटची वही पुरी झाली. काम संपल्याचे सांगून तो बाहेर पडला, लगेच इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला.

मी सरकारी कारकून. आमच्या कामाची लोक थट्टा करतात, आणि पुष्कळदा ती रास्तही असते. पण क्रमांक न घातलेला कागद हरवलेल्या कागदासारखाच असतो, हे रेकॉर्ड रूममध्ये दोन वर्षे काढलेल्याला पटते. बर्डिक मला आमच्यातला वाटतो. समुद्राने, आगीने, आयांनी जे नेले ते त्याला परत आणता आले नाही. काय काय होते, एवढे त्याने लिहून ठेवले.

आणि नोंद नीट ठेवली की त्यात काय नाही हेही दिसते. ओल्ड जजपासून १९४०च्या दशकापर्यंतच्या तंबाखूच्या आणि गमच्या बेसबॉल माला चाळा, काळा अमेरिकन खेळाडू जवळपास सापडतच नाही. त्यांना मोठ्या लीगमध्ये खेळूच देत नसत. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. तिथला जोश गिब्सन बेब रूथच्या तोडीचा फटकेबाज मानला जातो, पण तो हयात असताना अमेरिकेत गमच्या एकाही पाकिटातून त्याचे कार्ड निघाले नाही. जानेवारी १९४७ मध्ये तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ती भिंत पडली. मग कार्डांवरचे चेहरे बदलले.

हे वाचताना माझा बिस्किटांचा डबा पुन्हा आठवला. आम्ही पायाने फुटबॉल खेळणारी पोरे. ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कर्णधार झालेले, आमच्या गोव्याचे. गोलात उभे राहणारे प्रत्येक पोर स्वतःला ब्रह्मानंद म्हणवून घेई. त्यांचे कार्ड आमच्या कुठल्याही पाकिटातून निघाले नाही, आणि निघायला हवे होते असे आम्हाला वाटलेही नाही. डबा जळाल्याचे वाईट वाटले होते. त्यात कोण नव्हते, हे ध्यानात यायला पस्तीसेक वर्षे गेली.

मागच्या चतुर्थीच्या सुट्टीत एका जुन्या रजिस्टरात मी रकाने आखले. अनुक्रमांक, खेळाडू, देश, शेरा. आठवतील तेवढी कार्डे लिहिली. एकोणतीस भरली. शेऱ्याच्या रकान्यात सगळीकडे एकच, ‘भाणाखाली’. आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, “तिसाव्वे घाल ना, तू सारखा दाखवायचास ते, मिशीवाल्याचे.” कोणाचे ते मला आठवेना. तिला नाव माहीत नव्हते. पण कार्ड तिने पाहिलेले होते. तिसाव्या ओळीत मी ‘मिशीवाला’ एवढेच लिहून ठेवले आहे.

तुमच्याकडेही असे काही असेल. मुक्तीपूर्व काळातल्या काड्यापेटीचे छाप, तियात्राची हस्तपत्रके, जत्रेतल्या नाटकांच्या जाहिराती. जपता आले तर जपा. जागा नसेल तर टाका, त्यात पाप नाही. पण टाकण्याआधी एक ओळ लिहून ठेवा.