शेक, सलाईन आणि उंदीर

मागच्या महिन्यात माळा आवरताना पत्र्याच्या ट्रंकेत आत्याची हॉस्पिटलची फाईल सापडली. धुळीने शिंका आल्या, पण खाली बसून सगळी वाचली. ताई, तुला फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथेच लिहितोय.

१९७५ साली आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला आणि तिला 'शेक' दिले. आपल्याकडे रेडिएशनला सगळे शेकच म्हणायचे. ती त्यातून खडखडीत बरी झाली. मग १९८६ साली मानेत गाठी आल्या, लिम्फोमा निघाला आणि 'सलाईन' सुरू झाली. तिसऱ्या सलाईननंतर लघवीतून रक्त जायला लागलं. बाबांनी विचारलं, जुन्या शेकाचा याच्याशी काही संबंध? उत्तर मिळालं, अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, तिचा आता काय संबंध!

फाईलमध्ये औषधाचं नाव आहे, सायक्लोफॉस्फामाइड. त्या नावामागे लागलो आणि चार-पाच रात्री गेल्या.

या औषधाचं मूळ पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूपर्यंत जातं. त्याच घराण्यातल्या नायट्रोजन मस्टर्डचा कॅन्सरवर पहिला प्रयोग अमेरिकेत येल विद्यापीठात १९४२ साली झाला. गाठी विरघळत होत्या, पण औषध भयंकर विषारी. मग जर्मनीत आस्टा कंपनीत नॉर्बर्ट ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी या विषाला जणू कुलूप लावलं. अटकळ अशी की, गाठीतलं एन्झाइम ते कुलूप उघडेल आणि विष तिथेच सुटेल. १९५८ साली औषध जाहीर झालं. अटकळ मात्र चुकली, कुलूप उघडत होतं यकृत! तरी औषध चाललं, आणि आजही चालतं. विज्ञानात असंही होतं.

पण यकृतात कुलूप उघडताना एक कचराही तयार होतो, ॲक्रोलीन. तो लघवीत उतरतो आणि मूत्राशयात साठून राहतो. तेल जास्त तापून करपलं की डोळ्यांना झोंबणारा धूर येतो ना, त्यातला झोंबरा पदार्थ म्हणजे हाच. रक्तस्राव या औषधाने होतो हे डॉक्टरांना सुरुवातीपासून दिसत होतं, पण खरा गुन्हेगार ॲक्रोलीन हे कॉक्स या संशोधकाने १९७९ साली दाखवलं. त्यावर मेस्ना नावाचा उतारा आला, तोही ब्रॉक यांच्याच गटाकडून. मेस्ना मुळात कफ पातळ करायचं औषध. लघवीत पोचून ते ॲक्रोलीनला बांधून टाकतं. आत्याच्या फाईलमध्ये मेस्ना कुठेही नाही.

ही झाली औषधाची बाजू. शेकाची बाजू उंदरांनी सांगितली.

लंडनजवळ नॉर्थवुडला माउंट व्हर्नन हॉस्पिटलच्या आवारात ग्रे प्रयोगशाळा होती. किरणांच्या मात्रेचं 'ग्रे' हे एकक ज्यांच्या नावावरून आलं, त्या एल. एच. ग्रे यांनी ती उभी केली. तिथे फिओना स्टुअर्ट, मायकेल आणि डेनेकॅम्प यांनी उंदरांच्या मूत्राशयावर किरण सोडले आणि मग काय मोजलं, तर उंदीर दिवसातून किती वेळा लघवी करतो ते! हसू येईल, पण विचार करा. मूत्राशय आकसलं की त्यात मावतं कमी, म्हणून फेऱ्या वाढतात. त्यासाठी उंदराला कापायला लागत नाही, त्याच उंदराला महिनोन्‌महिने पाहता येतं. १९७८ साली हा निबंध छापून आला. फेऱ्या वाढत होत्या, पण काही महिन्यांनी. उंदराचं आयुष्य दोनेक वर्षांचं, त्यात काही महिने म्हणजे माणसाची कितीतरी वर्षं.

कारण मूत्राशयाचं अस्तर फार आळशी. त्याच्या पेशी महिनोन्‌महिने बदलत नाहीत. किरणांनी झालेली इजा पेशीच्या गाभ्यात दडून राहते आणि पेशी दुभंगायला निघाली की उघडी पडते. सायक्लोफॉस्फामाइडचं उलट. त्याने अस्तर एक-दोन दिवसांतच सोलवटतं आणि उरलेल्या पेशींना घाईघाईने दुभंगावं लागतं. म्हणजे जुनी इजा बाहेर काढायला याहून चांगला मार्ग नाही! १९८०च्या दशकात स्टुअर्ट आणि सहकाऱ्यांनी दोन्ही उपचार मिळालेले उंदीर घेऊन नेमका हाच प्रश्न विचारला, आधी कुठलं आणि मधे किती अंतर. पुढे १९९० साली त्यांनी त्याच मूत्राशयावर काही महिन्यांनी पुन्हा किरण देऊन पाहिले. मधे वेळ गेला म्हणून मूत्राशय पहिली मात्रा विसरलं, असं झालं नाही.

म्हणजे बाबांचा प्रश्न बरोबर होता. मॅट्रिक नापास माणसाचा प्रश्न.

मी पिंजरे लावून उंदीर मारलेला माणूस. त्या प्रयोगशाळेतल्या उंदरांबद्दल काय वाटतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

आणि आता जे सांगायचं होतं ते. १९८६ साली मी नववीत होतो आणि आत्याच्या शेजारी झोपायचो. संडास परसात, गोठ्याच्या पलीकडे. रात्री तीन-तीन वेळा ती मला हलवायची, "बाळ्या, बॅटरी घे रे." पावसाचे दिवस, वाटेत चिखल. एका रात्री मी वैतागून म्हणालो, "आत्या, संध्याकाळनंतर पाणीच पिऊ नकोस ना." दुसऱ्या दिवसापासून तिने तांब्या उशाशी ठेवणं बंद केलं. पाणी कमी म्हणजे लघवी घट्ट, आणि ॲक्रोलीन रात्रभर तिथेच.

डिस्चार्ज कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात इंग्रजीत एक ओळ आहे, 'प्लेंटी ऑफ ओरल फ्लुइड्स'. घरात तेव्हा इंग्रजी वाचता येणारा मी एकटाच होतो.

ताई, फाईल कुरियरने पाठवतोय. कार्ड वरच ठेवलंय.