जन्मतारीख माहीत नसलेल्या माणसाचा सिनेमा

मागच्या रविवारी घरात सगळ्यांनी मिळून नेटफ्लिक्सवर 'ट्रेन ड्रीम्स' पाहिला. पावणेदोन तासांचा सिनेमा. अर्ध्या तासात मुलगा उठून गेला. म्हणाला, "पप्पा, यात काही होतच नाही." बायकोने शेवटपर्यंत पाहिला आणि नंतर बराच वेळ काही बोलली नाही. आईला इंग्रजीचा गंध नाही, तरी ती बसून होती. मध्येच म्हणाली, "हा तर आबांसारखाच बसतो, गुडघ्यावर हात टाकून."

एकाच घरात तीन प्रतिक्रिया. बाहेरही साधारण हेच चाललंय. कुणी म्हणतं कंटाळवाणा, कुणी म्हणतं असा सिनेमा वर्षांत पाहिला नाही. मला या दोन्हीच्या पलीकडचं काही सांगायचंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट. वेळ असेल तर वाचा.

गोष्ट साधी आहे. रॉबर्ट ग्रेनियर नावाचा अनाथ पोरगा अमेरिकेच्या वायव्येला, आयडाहो राज्यात येतो. आपला जन्म कधी झाला, आई-बाप कोण, त्याला माहीत नाही. मोठेपणी लाकूडतोड करतो, रेल्वेच्या पुलांवर काम करतो. लग्न होतं, मुलगी होते, आणि एका वणव्यात घर, बायको, मुलगी सगळं जातं. तो त्याच जागी परत झोपडी बांधतो आणि वाट बघत राहतो. १९६८ साली मरतो. संपलं. डेनिस जॉन्सन यांची याच नावाची लघुकादंबरी आहे, तिच्यावर क्लिंट बेंटली यांनी हा सिनेमा केलाय. जोएल एजर्टन मुख्य भूमिकेत आहे.

'काही होत नाही' म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. मजुराच्या आयुष्यात आपल्याला नेमकं काय व्हायला हवं असतं? त्याने मालकाविरुद्ध बंड करावं, नाहीतर स्वतः मालक व्हावं. या दोन गोष्टी केल्या तरच तो आपल्याला नायक वाटतो. नुसता राबला आणि मेला, तर ती गोष्ट होत नाही. इतिहासानेही त्याच्याशी असंच केलंय.

सिनेमात एक प्रसंग आहे. पुलाच्या कामावर असलेल्या एका चिनी मजुराला गोरे कामगार उचलून दरीत फेकतात. तो माणूस ग्रेनियरच्या मनातून आयुष्यभर जात नाही. पुस्तक वाचलेले प्रेक्षक इथे नाराज आहेत, आणि मला त्यांचं पटतं. पुस्तकात ग्रेनियर स्वतः त्या चिनी माणसाला धरायला हात लावतो, आणि तो माणूस निसटून जातो. सिनेमात माणूस मरतो, पण नायकाचा वाटा हलका केलाय. आपला नायक चांगला असावा, ही प्रेक्षकाची गरज असते. पण साधा, कष्टाळू, बायकोवर जीव असलेला माणूसही झुंडीत हात लावतो, हेच तर त्या काळाचं खरं दुखणं होतं.

तो काळ काय होता ते थोडक्यात सांगतो. १८६९ मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना जोडणारी पहिली रेल्वे पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेकडच्या भागात, सिएरा नेवाडाच्या डोंगरात, दहा हजारांहून जास्त चिनी मजुरांनी बोगदे खणले. १८६७ च्या जूनमध्ये त्यांनी गोऱ्यांइतक्या पगारासाठी काम बंद केलं. कंपनीने त्यांचं धान्य तोडलं आणि आठवडाभरात संप मोडला. रूळ जोडले गेले त्या दिवसाचा प्रसिद्ध फोटो आहे, त्यात ते जवळजवळ दिसतच नाहीत. पुढे १८८२ मध्ये कायदाच झाला की चिनी मजुरांनी देशात यायचं नाही. तो १९४३ पर्यंत राहिला. १८८५ मध्ये वायोमिंगच्या रॉक स्प्रिंग्ज इथे खाणीतल्या २८ चिनी कामगारांची कत्तल झाली. १८८७ मध्ये आयडाहो आणि ओरेगॉनच्या हद्दीवर सोनं शोधणाऱ्या तीसहून जास्त चिन्यांना मारलं गेलं, शिक्षा कुणालाच झाली नाही.

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट. अभ्यासकांनी खूप शोधलं, पण त्या हजारो रेल्वे मजुरांपैकी एकाचंही पत्र किंवा डायरी आजवर सापडलेली नाही. कंपनीच्या पगारवहीत पुष्कळदा टोळीच्या म्होरक्याचंच नाव असायचं. बाकीचे नुसता आकडा.

गोरे लाकूडतोडेही काही सुखात नव्हते. आपलं अंथरूण आपणच पाठीवर टाकून ते एका छावणीतून दुसऱ्या छावणीत जात. १९१७ च्या उन्हाळ्यात तिथल्या जंगलांत मोठा संप झाला. मागण्या काय, तर आठ तासांचा दिवस आणि स्वच्छ अंथरूण. पुढच्या वर्षी आठ तास मिळाले. हा संप सिनेमाचा विषय नाही. त्यात दिसतात ते झाडाच्या बुंध्याला खिळ्यांनी ठोकलेले बूट. कामावर मेलेल्या माणसाची तेवढीच खूण.

मंडळी, ते बूट पाहिले आणि मला आपला बोरघाट आठवला. १८५६ ते १८६३ या काळात खंडाळ्याचा रेल्वेमार्ग झाला. २५ बोगदे, ८ मोठे पूल. १८६१ मध्ये तिथे ४२ हजारांहून जास्त माणसं राबत होती. कॉलऱ्याने आणि तापाने हजारो मेली. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीच्या पैशांवरून दंगाही झाला. त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि थोड्याच आठवड्यांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस हिने कंत्राट पूर्ण करून घेतलं. बाई हिमतीची होती यात वाद नाही, तिचं नाव राहिलं ते योग्यच. पण त्या हजारोंपैकी एक नाव तुम्हाला माहीत आहे? मला नाही. इथेही माणसं मुकादमाच्या हाताखाली यायची. मुकादम मोजला जायचा, टोळी नाही.

माझे आजोबा, म्हणजे आईचे आबा, रेल्वेत गँगमन होते. त्यांची जन्मतारीख १ जून. तुमच्याही घरात कुणाची तरी असेलच. मास्तरांनी शाळेत नाव घालताना सोयीसाठी टाकलेली तारीख. खरी तारीख कुणालाच माहीत नव्हती. ग्रेनियरची आणि आबांची एवढी ओळख मला पुरेशी वाटली.

आता कबुली. वीसेक वर्षं मी बातम्या देतोय. कितीतरी वेळा लिहिलंय, 'भिंत कोसळून दोन मजूर ठार, नावे समजू शकली नाहीत.' खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी समजू शकली नाहीत असं नव्हतं. डेडलाइन असायची, माणसं परराज्यातली असायची, मुकादम फोन उचलायचा नाही. एकदा एका विहिरीच्या कामावर दरड कोसळून माणूस गेला. त्याचा भाऊ तिथेच बसला होता. पाच पावलांवर. मी ठेकेदाराची प्रतिक्रिया घेतली, पोलिसांची घेतली आणि निघालो. बातमी छापून आली, 'एक मजूर ठार'. भावाला नाव विचारायला किती वेळ लागला असता?

रविवारी रात्री हाच विचार डोक्यात होता. दरीत फेकलेला तो माणूस ग्रेनियरला झोपू देत नाही. मला तर इतकी वर्षं छान झोप लागत होती.

म्हणून सिनेमा संथ आहे अशी तक्रार मला करता येत नाही. एका मजुराकडे पावणेदोन तास नुसतं बघायचं, एवढंच तो मागतो. मी पाच पावलं चाललो नव्हतो.

तुमच्या घरात १ जून वाला कुणी असेल तर त्याच्याजवळ बसा. कुठल्या कामावर होता, बरोबर कोण कोण होतं, मुकादम कोण, कोण परत आलं नाही, ते वहीत उतरवून ठेवा. नावासकट. आबांना मी हे कधी विचारलं नाही. आता आईला जेवढं आठवतंय, तेवढं लिहून घेतोय.