अदृश्य स्थानधारक चिन्हे
मजकुराची मांडणी करणाऱ्या संगणकीय भाषांत वापरली जाणारी, छापील पानावर न उमटणारी परंतु आपल्या अस्तित्वाने शेजारच्या अक्षरांचा अर्थ, अंतर वा जोडणी ठरविणारी चिन्हे. या कल्पनेचे मूळ खिळ्यांच्या छपाईत आढळते. ओळ भरून काढण्यासाठी जुळाऱ्याला अक्षराच्या खिळ्यापेक्षा कमी उंचीचे धातूचे तुकडे बसवावे लागत. त्यांना शाई लागत नसे. मात्र त्यांच्यावाचून ओळ घट्ट बसत नसे.

अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे जेरोम सॉल्ट्झर यांनी १९६४ मध्ये ‘रनऑफ’ ही आज्ञावली तयार केली. तीत पूर्णविरामाच्या बिंदूने सुरू होणारी ओळ ही मजकूर नसून आज्ञा मानली जाई. हीच पद्धत बेल प्रयोगशाळेतील ‘रॉफ’ व तिच्यापासून निघालेल्या आज्ञावल्यांनी स्वीकारली. जोसेफ ओसाना (१९२८–७७) यांनी १९७३ च्या सुमारास प्रकाश-जुळणी यंत्रासाठी ‘ट्रॉफ’ सिद्ध केली. मजकुराची ओळच बिंदूने सुरू होत असेल, तर यंत्र ती आज्ञा समजून गिळून टाकी. यावर ‘\&’ या शून्य रुंदीच्या चिन्हाचा उपाय करण्यात आला. ते बिंदूच्या आधी लिहिले, की बिंदू ओळीच्या आरंभी राहत नाही व मजकूर म्हणून छापला जातो. ओळीच्या शेवटी संक्षेपाचा बिंदू आल्यास तेथे वाक्य संपले असे समजून जादा अंतर सोडले जाई; बिंदूनंतर हेच चिन्ह घातल्यास ते टळते. मायकेल लेस्क यांच्या ‘टीबीएल’ या कोष्टक-आज्ञावलीत ते स्तंभातील नोंदी एका रेषेत आणण्याची खूण म्हणूनही चालते. एका अंकाइतकी रिकामी जागा सोडण्यासाठी ‘\0’ हे वेगळे चिन्ह होते. डॉनल्ड कनूथ यांच्या ‘टेक्’ (१९७८) या भाषेत ‘फँटम’ ही आज्ञा दिलेल्या मजकुराची लांबी, उंची व खोली राखते. मजकूर मात्र छापीत नाही.

भारतीय लिप्यांत या चिन्हांना वेगळे महत्त्व आहे. स्वरचिन्ह वा अर्धे अक्षर एकटे दाखवावयाचे, तर त्याला आधारभूत व्यंजन लागते. म्हणून ‘इस्की’ या भारतीय मानकात (१९९१) अदृश्य व्यंजनाला स्वतंत्र संकेत देण्यात आला. युनिकोडमध्ये असे काम शून्य रुंदीचा जोडक व विभाजक ही चिन्हे करतात. मराठीतील ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) व ‘दर्या’ (समुद्र) किंवा ‘आचाऱ्यास’ (स्वयंपाक्यास) व ‘आचार्यास’ (गुरूस) यांतील भेद केवळ र-काराच्या रूपावर अवलंबून आहे. साधा ‘र’, हलन्त व जोडक अशा क्रमाने हे रूप लिहिले असता जोडक गळाला, तर रफार उमटतो व शब्दाचा अर्थ पालटतो. यासाठी नुक्तायुक्त ‘ऱ’ वापरण्याचा दुसरा मार्ग आहे. त्याला जोडकाची गरज पडत नाही. तथापि एकच शब्द दोन संकेतक्रमांनी लिहिला गेल्याने, दोन्ही क्रम समान मानण्याची तजवीज नसेल, तर शब्दशोधात तो निसटतो.

चिन्ह डोळ्यांना दिसत नसल्याने त्याचा लोप मुद्रितशोधकाला थेट आढळत नाही. तो केवळ परिणामावरून ओळखावा लागतो. त्यामुळे मजकूर एका प्रणालीतून दुसरीत नेताना अशा चिन्हांचे जतन करणे, हा मजकुराच्या शुद्धतेचाच भाग ठरतो.