मोटारीच्या दाराशीं दिवा

‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण मोटारगाडीला जितकी चपखल लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या वस्तूला पडत असेल. पुढचा रस्ता दूरवर उजळून टाकणारी गाडी दिवे मालवून उभी राहिली, कीं तिच्या स्वतःच्या दाराशीं मिट्ट काळोख असतो. आणि ज्याच्या खिशांत तिची किल्ली असते, तो मालकच पावसाळी रात्रीं दाराचें हँडल चांचपडत राहतो. ही उणीव दूर करण्यासाठीं अलीकडच्या कित्येक गाड्यांच्या हँडलांत एक इवलासा दिवा बसविलेला असतो. कुलूप उघडलें कीं तो लागतो, हाताला हँडल आणि पायाला जमीन दाखवितो, आणि कांहीं क्षणांनीं आपोआप मालवतो. ज्यांच्या गाडीला तो मुळांत नाहीं, असे हौशी मालक तो स्वतःच्या हातांनीं बसवितात. वरवर पाहतां ही नव्या जमान्याची चैन वाटेल. परंतु मोटारीच्या दिव्यांचा इतिहास पाहिला तर असें दिसतें, कीं ही हौस जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. कारखान्यानें विकलेल्या गाडीला मालकानें दिवा जोडावा, आणि पुढें कारखान्यानें व कायद्यानें त्याची दखल घ्यावी, असें या इतिहासांत एकदां नव्हे, अनेकदां घडलें आहे.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत पुष्कळ गाड्यांच्या किंमतींत इंजिन, चाकें आणि बैठक एवढेंच येई. दिवे, भोंगा, समोरची कांच या वस्तु वेगळ्या विकत घ्यावयाच्या आणि वेगळ्या बसवावयाच्या. आरंभीं घोड्याच्या बग्गीवरील तेलाचे दिवेच मोटारीवर आले. त्यांच्या मिणमिणत्या ज्योतीनें गाडी कोठें आहे हें दुसऱ्यास कळे, पण रस्ता कोठें आहे हें चालविणाऱ्यास कळत नसे. १८९२ मध्यें अमेरिकेंतील नॉर्थ कॅरोलिना प्रांतांत थॉमस विल्सन याला विजेच्या भट्टींत कॅल्शियम कार्बाइड तयार करण्याची कृति सांपडली, आणि या अडचणीवर उपाय निघाला. कार्बाइडवर थेंबथेंब पाणी पडलें म्हणजे ॲसिटिलीन वायु निघतो, आणि तो शुभ्र, प्रखर ज्योतीनें जळतो. मोटारीच्या पायरीवर कार्बाइडची टांकी ठेवावी, तिच्यांतून नळीनें वायु दिव्यांपर्यंत न्यावा, आणि अंधार पडतांच खालीं उतरून काडीनें दिवे पेटवावे, असा तेव्हांचा परिपाठ होता. दुसऱ्या दिवशीं टांकींतील चुन्याचा लगदा काढून टाकणें, वायूचें बारीक तोंड साफ करणें आणि पाणी भरणें हीं कामें मालकाच्या किंवा त्याच्या शोफरच्या वांट्यास येत. १९०४ मध्यें इंडियानापोलिस येथील कार्ल फिशर व जेम्स ॲलिसन यांनीं दाबून भरलेल्या ॲसिटिलीनचीं नळकांडीं विकण्याचा धंदा सुरू केला. तेव्हांपासून लगदा उपसण्याचें काम वांचलें. काडी ओढण्याचें मात्र राहिलेंच.

विजेचे दिवे त्या काळीं घराघरांत येऊं लागले होते. मग ते मोटारीवर लवकर कां आले नाहींत? याचें एक कारण असें, कीं दिव्यांतील जळणारी तार फार नाजूक असे. घरांतील दिवा स्थिर टांगलेला असतो. मोटारीवरच्या दिव्याला खडबडीत रस्त्याचे हादरे बसत आणि त्याची तार तुटे. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यानें टंगस्टन धातूची चिवट तार काढण्याची रीत सिद्ध केली, आणि ही अडचण दूर झाली. दुसरी अडचण वीज पुरविण्याची होती. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंग यानें योजलेली विजेची व्यवस्था आली. इंजिन सुरू करणें, ठिणगी पाडणें आणि दिवे लावणें हीं तिन्ही कामें तींत एकत्र गुंफलेलीं होतीं. इंजिनानें जनित्र फिरवावें, जनित्रानें बॅटरी भरावी, आणि बॅटरीनें इंजिन सुरू करून दिवेहि लावावे, असें हें चक्र होतें. पुढें सर्व मोटारींनीं तेंच उचललें. त्याचा एक परिणाम प्रारंभीं फारसा कोणाच्या लक्षांत आला नाहीं. दिवा आणि इंजिन आतां एकाच कोठारांतून खाऊं लागले होते.

केटरिंगची ही सोय श्रीमंतांच्या गाडीची होती. सामान्य माणसाची गाडी म्हणजे फोर्डची ‘मॉडेल टी’. १९०८ ते १९२७ या काळांत ती दीड कोटीहून अधिक तयार झाली. १९१५ मध्यें तिच्या पुढच्या दिव्यांना वीज मिळाली. परंतु ती बॅटरींतून मिळत नसे, इंजिनाच्या चाकाशीं जोडलेल्या मॅग्नेटोंतून मिळे. त्यामुळें इंजिन जोरानें फिरलें कीं दिवे प्रखर होत, आणि वळणावर, चढावर किंवा गर्दींत, जेथें प्रकाशाची खरी गरज असे नेमकें तेथेंच, ते मंद पडत. इंजिन फारच जोरानें फिरविलें, तर दिवा जळूनहि जाई. बॅटरी आणि विजेचा स्टार्टर ‘मॉडेल टी’ला १९१९ पासून मिळूं लागला. मधल्या काळांत आणि नंतरहि, कारखान्यानें न दिलेली वस्तु आपण आणून बसविणें हा लाखो मालकांचा परिपाठच होऊन बसला. या गरजेवर एक नवा व्यापार उभा राहिला. १९०९ मध्यें कॅन्सस सिटींत जॉर्ज पेपरडाइन या तरुणानें पांच डॉलरांच्या भांडवलावर टपालानें मोटारीचें सुटें सामान विकण्यास आरंभ केला. त्याच्या ‘वेस्टर्न ऑटो’ या पेढीचा पुढें एवढा विस्तार झाला, कीं १९३७ मध्यें त्यानें लॉस एंजल्स येथें एक कॉलेज स्थापन केलें, आणि तें आज विद्यापीठ म्हणून त्याच्या नांवानें प्रसिद्ध आहे. सूचीपत्र वाचून दिवा मागवावा, रविवारीं अंगणांत गाडी उभी करून तो जोडावा, या हौसेच्या जोरावर विद्यापीठाच्या पायाचे दगड बसले असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

आरंभींच्या दिव्यांचा हेतु रस्ता दिसावा हा होता. रहदारी वाढली तसा आपण दुसऱ्यास दिसावें हा दुसरा हेतु पुढें आला. याचा सर्वांत बोधप्रद दाखला सॅन फ्रॅन्सिस्को शहरांतला आहे. १९७४ मध्यें जॉन व्होव्होडस्की या मानसशास्त्रज्ञानें तेथील ३४३ टॅक्सींच्या मागच्या बाजूस मधोमध एक जादा दिवा बसविला. गाडीचा वेग कमी होऊं लागला, कीं तो मागून येणाऱ्यास इशारा देई. दिवा नसलेल्या टॅक्सींशीं तुलना करतां या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडकांचें प्रमाण सुमारें ६० टक्क्यांनीं कमी भरलें. कारखान्याबाहेर, वापरांतल्या गाड्यांवर जोडलेल्या अशा दिव्यांवर पुढें सरकारनेंहि प्रयोग केले, आणि १९८६ सालच्या नमुन्यापासून अमेरिकेंत प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला ब्रेकचा तिसरा दिवा सक्तीचा झाला. परंतु या कथेचा उत्तरार्धहि ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. तो दिवा सर्व गाड्यांवर आल्यावर आणि लोकांच्या डोळ्यांना त्याची संवय झाल्यावर त्याचा टिकाऊ लाभ सुमारें ४ टक्के एवढाच उरला. हा लाभहि लहान नव्हे, कारण तो कोट्यवधि गाड्यांवरचा आहे. तरी त्यावरून एक गोष्ट उघड होते. दिवा ही एक भाषा आहे, आणि जो शब्द सर्वत्र कानीं पडतो त्याचें वजन घटतें.

दाराशीं येणारा दिवा हा या इतिहासांतला तिसरा टप्पा होय. रस्त्यासाठीं दिवा झाला, परक्यासाठीं झाला. आतां तो मालकाच्या स्वागतासाठीं आला. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं महागड्या गाड्यांत हँडल उचलतांच आंतील दिवे लागत आणि कुलपाच्या तोंडाभोंवतीं प्रकाशाचें कडें उमटे. परंतु हँडलाच्या चिंचोळ्या पोकळींत तारेचा दिवा कोंबणें सुखाचें नव्हतें. तो तापतो, जागा खातो आणि दार आदळलें कीं तुटतो. या तिन्ही दोषांतून मुक्त असा दिवा एका वेगळ्याच विद्येंतून आला. १९६२ मध्यें निक होलोन्याक यानें अर्धवाहक पदार्थाच्या कणांतून डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश काढून दाखविला. हाच एल. ई. डी. पांढऱ्या प्रकाशासाठीं निळा रंग हवा होता, आणि तो तीस वर्षें हुलकावणी देत राहिला. १९९३ मध्यें जपानांत शुजी नाकामुरा यानें प्रखर निळा एल. ई. डी. सिद्ध केला. इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांनीं त्याची वाट आधींच खुली केली होती. १९९६ मध्यें निळ्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा एल. ई. डी. बाजारांत आला. या तिघांना २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ज्या दिव्यानें आज हँडल उजळतें, त्याच्या मागें एवढी तपश्चर्या आहे.

या दिव्यानें किती फरक पडला हें एका लहानशा हिशेबानें स्पष्ट होईल. जुन्या पद्धतीचे ५ वॅटचे चार दिवे चार दारांना लावले, तर १२ व्होल्टांवर ते मिळून सुमारें १.७ अँपिअर वीज ओढतात. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी ते चुकून लागून राहिले तर २७ तासांत रिती करतील. आणि इंजिन सुरू करण्याची शक्ति त्याच्या पुष्कळ आधींच गेलेली असेल. त्यांच्या जागीं २० मिलिअँपिअर घेणारा एकेक एल. ई. डी. लावला, तर तीच बॅटरी रिती होण्यास तेवीस दिवस लागतील. मात्र एल. ई. डी. ला हवें असलेलें दडपण सुमारें ३ व्होल्टांचें असतें, आणि इंजिन चालूं असतां गाडींतील दडपण १४ व्होल्टांवर जातें. म्हणून मध्यें सुमारें ५७० ओहमांचा रोध घालावा लागतो. तो विसरल्यास दिवा क्षणार्धांत जळतो.

दिवा बसविण्याची कृति ऐकण्यास सोपी आहे. बॅटरीची ऋण तार सोडावी, दाराचें आंतील अस्तर काढावें, हँडलाच्या पोकळींतून दोन बारीक तारा आणाव्या, आणि दार व खांब यांच्यामधील रबरी नळींतून त्या गाडीच्या आंत न्याव्या. तेथें, दार उघडलें कीं लागणाऱ्या छताच्या दिव्याच्या जोडणींतून, लहानसा फ्यूज घालून वीज घ्यावी. परंतु खरी परीक्षा तपशिलांत आहे. दाराच्या पोकळींत पाणी येतेंच. तें आंत शिरूं नये म्हणून अस्तराखालीं एक पातळ पडदा चिकटविलेला असतो. तो फाटला किंवा नीट बसविला नाहीं, तर पहिल्याच पावसांत त्याचा पुरावा मिळतो. रबरी नळीबाहेरून नेलेली तार दार हजार वेळां उघडून मिटतांना झिजते आणि उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेंकते. गाडीचा सांगाडा हाच विजेच्या परतीचा मार्ग असल्यामुळें फ्यूज नसेल तर अशा ठिकाणीं आग लागते. आणि कित्येक गाड्यांच्या दारांत अपघाताच्या वेळीं हवेच्या पिशव्या उघडणारी यंत्रणा असते. तिच्या तारा बहुधा पिवळ्या वेष्टनाच्या असतात. हौशी माणसानें त्यांना हात लावूं नये.

जुन्या मालकाला नसलेली आणखी एक अडचण आजच्या मालकापुढें आहे. १९८६ मध्यें जर्मनींतील बॉश कंपनीनें डेट्रॉइट येथें एक नवी पद्धति मांडली. गाडींतील निरनिराळ्या यंत्रांनीं एकमेकांशीं दोन पिळलेल्या तारांवरून संकेतांनीं बोलावें, अशी ती होती. आज बहुतेक गाड्या याच रीतीनें चालतात. अशा गाडींतील गणकयंत्र कित्येक दिव्यांची वीज मोजतें, ते शाबूत आहेत कीं नाहींत हें पाहण्यासाठीं सूक्ष्म झटके पाठवितें, आणि हिशेब जुळला नाहीं तर दोषाची खूण दाखवितें. त्या सूक्ष्म झटक्यांनीं एल. ई. डी. अंधारांत लुकलुकतो. ‘मॉडेल टी’चा मालक तार जोडी आणि दिवा लागे; आजच्या मालकाला गाडीची संमति घ्यावी लागते. यामुळें पुष्कळांनीं स्वतःची अवजारें ठेवून दिलीं. तरी जे ठेवीत नाहींत, त्यांना आपल्या यंत्राच्या पोटांत काय चाललें आहे याचें ज्ञान होतें, आणि तें ज्ञान दिव्याहून मोलाचें आहे.

शेवटीं रंगाचा प्रश्न उरतो. पुढें पांढरा आणि मागें तांबडा या संकेतावरून समोरची गाडी येते आहे कीं जाते आहे हें अंधारांत कळतें. भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकीं १०८ व्या नियमानें, ठराविक अपवाद सोडून, पुढें तांबडा आणि मागें तांबड्याखेरीज दुसरा प्रकाश दाखविण्यास मनाई आहे. मोटारीच्या मूळ तपशिलांत बदल करणारे फेरफारहि १९८८ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमाच्या कक्षेंत येतात. म्हणून दाराचा दिवा पांढरा, मंद आणि जमिनीकडे वळलेला असावा, आणि गाडी चालूं लागतांच तो मालवावा, हेंच शहाणपणाचें. बॅटरी आपली असते, गाडी आपली असते. पण रस्त्यावरचा अंधार सर्वांचा मिळून असतो, आणि त्यांत आपण लावलेला प्रत्येक दिवा कोणातरी अनोळखी माणसाला कांहीं सांगत असतो. तें सांगणें खरें असावें, एवढी काळजी घेतली, तर आपल्या दाराशीं आपल्या हातानें दिवा लावण्याची ही शंभर वर्षांहून जुनी हौस यापुढेंहि निर्वेधपणें चालूं राहील.