वेशीवरचा मापाडी

२८ सप्टेंबर १९०८ हा दिवस हैदराबादच्या इतिहासात कायमचा कोरला गेला आहे. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावून शहराच्या मधून वाहणाऱ्या मुसी नदीला त्या दिवशी महापूर आला. शमशाबादेस चोवीस तासांत १२.८ इंच पाऊस झाल्याची नोंद आहे. नदीच्या पाणलोटक्षेत्रात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले आणि त्यांचे पाणी एकवटून शहरावर लोटले. नदीवरील चार पुलांपैकी पुराणापूल तेवढा टिकून राहिला. मृतांची संख्या सुमारे पंधरा हजार असावी असा अंदाज त्या काळी करण्यात आला.

पुढच्याच वर्षी निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या ह्या स्थापत्यविशारदाचे नाव खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दरवाजांमुळे महाराष्ट्रास परिचित होतेच. हैदराबादेस त्यांनी आधी आकडे गोळा केले. पाऊस किती पडला, कोणत्या तलावात किती पाणी मावत होते आणि नदीच्या पात्रातून किती वाहून गेले, ह्याचा हिशेब त्यांनी मांडला. त्या हिशेबावर उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) ह्या जलाशयांची उभारणी झाली. नेहमीचा ओघ गृहीत धरून आखलेली मापे असाधारण ओघापुढे निरुपयोगी ठरतात, हा त्या महापुराचा धडा होय.

शंभर वर्षांनंतर त्याच शहरात निराळ्याच प्रकारचा ओघ घरोघरी येऊन पोहोचला. हा ओघ माहितीचा होता. जुन्या हैदराबादेस तटबंदी होती, आणि तिचे पुराणापूल व दबीरपुरा हे दोन दरवाजे आजही उभे आहेत. आत येणारे आणि बाहेर जाणारे सारे काही अशाच दरवाजांतून जात असे. आजच्या घरातही असा एक दरवाजा असतो. त्याला गेटवे असे म्हणतात. घरातील संगणक, दूरध्वनी, दूरचित्रवाणी संच ह्या सर्वांची इंटरनेटशी होणारी देवघेव ह्या एकाच यंत्रातून होते. ज्यांना यंत्राची जाण आहे, ते एखाद्या जुन्या संगणकावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून आपला गेटवे स्वतःच सिद्ध करतात, आणि किती माहिती आली व किती गेली हे मोजण्याचे सॉफ्टवेअरही त्यावर चालवितात. हे सॉफ्टवेअर म्हणजे वेशीवर बसविलेला मापाडीच होय. हा मापाडी केव्हा चुकतो, ही कथा मोठी उद्बोधक आहे.

संदेशांची वाहतूक मोजण्याच्या शास्त्राचा प्रारंभ इंटरनेटच्या पुष्कळ आधी झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणारे गणिती एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीवरील संभाषणांना संभाव्यतेचे गणित लावून दाखविले. विश्वेश्वरय्या मुसीच्या पुराचा हिशेब मांडीत होते, तेच हे वर्ष. पुढे १९६९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत आर्पानेट ह्या संगणकजालावरून पहिला संदेश गेला. ज्या ठिकाणाहून तो निघाला, त्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस येथील केंद्राकडे जालाच्या मोजमापाचे काम सोपविलेले होते. जाल जन्मास येतानाच त्याचा मापाडीही नेमला गेला होता.

१९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली. त्यानंतर तीन वर्षांनी इंग्लंडमधील लेस्टर येथील एका विद्यापीठात टोबियास ओएटिकर ह्या तरुणापुढे एक साधा प्रश्न आला. संस्थेला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकच तार होती. तिची गती सेकंदाला ६४ हजार बिट एवढी, आणि ती कितपत भरली आहे हे जाणण्याची उत्सुकता सर्वांस. त्याने एमआरटीजी नावाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि १९९५ साली ते सर्वांस खुले केले. दर पाच मिनिटांनी ते राउटरला आकडा विचारी आणि त्याचा आलेख काढी. ह्याच वर्षी १५ ऑगस्टला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले. पाच मिनिटांनी एकदा विचारणा करण्याची ती रीत पुढे अनेक सॉफ्टवेअरांनी उचलली.

आता हा आकडा यंत्रात कसा साठविला जातो ते पाहिले पाहिजे. गेटवेच्या प्रत्येक जोडणीपाशी एक गणक असतो. गेलेला प्रत्येक बाइट तो मोजतो आणि पुढे सरकतो. जुना गणक ३२ बिटांचा असे. त्यात ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच गणती मावते. ती पूर्ण झाली की गणक पुन्हा शून्यावर येतो. धान्याच्या बाजारातील मापाडी वीस मापे झाली की खुणेचा एक खडा बाजूला टाकतो, आणि मग पुन्हा एकापासून मोजू लागतो. खडा टाकण्यास तो विसरला, तर वीस मापे हिशेबातून नाहीशी होतात आणि धान्याच्या राशीकडे पाहून ते कोणास कळतही नाही. गणक स्वतः खडा टाकीत नाही. ते काम दर पाच मिनिटांनी येणाऱ्या सॉफ्टवेअरचे. मागचा आकडा मोठा आणि आताचा लहान दिसला, तर एक फेरी पूर्ण झाली असे ते समजते. परंतु दोन भेटींच्या मधल्या वेळात गणकाची एकाहून अधिक आवर्तने झाली, तर ते त्याला कधीच उमगत नाही.

ओएटिकरच्या ६४ हजार बिटांच्या तारेवर हा गणक भरण्यास सहा दिवसांहून अधिक काळ लागला असता. भारत सरकारने २००४ साली ब्रॉडबँडचे धोरण ठरविले, तेव्हा किमान गती सेकंदाला २५६ हजार बिट अशी होती. त्या गतीने गणक सुमारे ३७ तासांनी भरे. १०० मेगाबिटांच्या जोडणीवर तो ३४४ सेकंदांत भरतो; पाच मिनिटांच्या मर्यादेपेक्षा हे जेमतेम ४४ सेकंद अधिक. २०१७ साली हैदराबादेत घरगुती ग्राहकांसाठी सेकंदाला एक गिगाबिट गतीची सेवा सुरू झाली. ह्या गतीने तोच गणक अवघ्या ३४ सेकंदांत भरतो. तेरा वर्षांत ओघ सुमारे चार हजार पटींनी वाढला. माप मात्र तेवढेच राहिले.

ह्याचा परिणाम काय होतो? पूर्ण वेगाने पाच मिनिटांत साडेसदतीस गिगाबाइट माहिती घरात येते. गणक आठ वेळा शून्यावर येऊन जातो, आणि आलेखावर तीन गिगाबाइटांच्या आसपासचा आकडा उमटतो. कोठे घंटा वाजत नाही, कोठे चुकीची सूचना दिसत नाही. उलट आलेख सुरेख व शांत दिसतो. ६४ बिटांचा गणक एक गिगाबिटाच्या वेगाने भरण्यास साडेचार हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. असे गणक १९९० च्या दशकातच प्रमाणित झाले होते. तथापि यंत्र नवे असूनही त्यावरील सॉफ्टवेअर जुन्याच गणकाला आकडा विचारीत राहिले, तर दोष जसाच्या तसा राहतो.

ह्याच्या उलट दोषही संभवतो. जोडणी तुटून पुन्हा जुळली की काही प्रकारच्या जोडण्यांचे गणक मुळापासून सुरू होतात. सॉफ्टवेअरला वाटते की फेरी पूर्ण झाली, आणि ते चार गिगाबाइटपर्यंतची कधीच न आलेली माहिती हिशेबात धरते. कधी मापाडी चुकीच्या दरवाजावर बसविलेला असतो. गेटवेला घराकडची एक आणि बाहेरची एक अशा दोन जोडण्या असतात. यंत्र बंद करून सुरू केल्यावर त्यांची नावे अदलाबदल होत. म्हणून २०१३ पासून लिनक्समध्ये स्थिर नावांची पद्धत रूढ होऊ लागली. कधी बिट आणि बाइट ह्यांची गल्लत होते आणि हिशेब आठपट चुकतो. कधी गिगाबाइट हजाराच्या पटीत मोजावा की १०२४ च्या, ह्यात मतभेद होऊन सात टक्क्यांची तफावत पडते.

म्हणून निदानाचा क्रम ठरलेला असावा. पहिल्याने मापाडी कोणत्या दरवाजावर बसला आहे ते पाहावे. मग घड्याळ तपासावे. कारण वेळ चुकली की वेगही चुकतो. नंतर घरातील इतर यंत्रे बंद ठेवून एक गिगाबाइट आकाराची फाइल उतरवून घ्यावी आणि गणकाचा आधीचा व नंतरचा आकडा ताडून पाहावा. प्रत्येक पाकिटावरील पत्त्यांचा भार धरून तीन-चार टक्के अधिक दिसणे रास्त आहे. शेवटी वेगवान जोडणीवर पाच गिगाबाइटांची फाइल एकाच फेरीच्या वेळात उतरवावी. आलेखात जेमतेम पाऊण गिगाबाइट दिसला, तर गणकाचे माप अपुरे आहे हे सिद्ध झाले.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. ज्या घरात महिन्याची मर्यादा ठरवून पैसे मोजले जातात, तेथे ग्राहकाच्या हाती स्वतःचा खरा हिशेब असणे अगत्याचे आहे. खोट्या हिशेबावर केलेली तक्रार टिकत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. २०१६ साली मिराई नावाच्या घातकी प्रोग्रामने जगभरातील घरांतले कॅमेरे व राउटर गुपचूप ताब्यात घेतले, आणि त्यांच्या एकत्रित माऱ्याने २१ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे बंद पाडली. त्या घरांतील माणसांना आपल्याच दारातून काय बाहेर जात आहे ह्याचा पत्ता नव्हता. वेशीवर खरा मापाडी असता, तर बाहेर जाणाऱ्या ओघाची वाढ त्याला दिसू शकली असती.

मात्र मापाड्याचीही एक मर्यादा आहे. पोती मोजणे हे त्याचे काम. पोते उघडून घरातील माणसे काय वाचतात, कोणाशी बोलतात हे पाहणे त्याचे काम नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. तो अधिकार राज्यसंस्थेपुढे जसा मोलाचा, तसा घरातील वडीलधाऱ्यांनीही मानावा असाच आहे.

उस्मानसागराचे दरवाजे आजही पाण्याची पातळी वाचूनच उघडले जातात. तेथील पट्टी चुकली, तर खालच्या वस्त्यांना त्याची किंमत मोजावी लागेल. घरातील गेटवेचा प्रसंग एवढा बिकट नाही. पण नियम तोच आहे. ओघ वाढला की प्रथम माप तपासावे, आणि आलेख शांत दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये.